एम.लिब.ला ५४.६६ टक्के, सेट पास. आता काय करू?

दाखलअंक (धागाकर्ती) · ७ जुलै, रात्री १०.५०

नमस्कार. दोन वर्षं इथे नुसती वाचते आहे, आज लिहायची वेळ आली. लांबेल जरा, सांभाळून घ्या.

मी सोलापूरची. राहायला जुळे सोलापुरात, आणि दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावच्या 'ब' वर्ग वाचनालयात नऊ वर्षं ग्रंथपाल आहे. बी.ए. मराठी, मग ग्रंथालयाचा प्रमाणपत्र कोर्स, मग बी.लिब. ही ग्रंथालयशास्त्राची पदवी, आणि वयाच्या ३६व्या वर्षी एम.लिब., म्हणजे त्यातलीच पदव्युत्तर पदवी. वाचनालय सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ. मधल्या वेळात स्वयंपाक, एसटी आणि अभ्यास. एम.लिब.चं वर्ष चालू असतानाच 'अपिअरिंग' (म्हणजे पदवी पूर्ण व्हायच्या आधी बसलेली) म्हणून सेट, कॉलेजच्या ग्रंथपालपदासाठी लागणारी राज्याची पात्रता परीक्षा, दिली आणि पहिल्याच फटक्यात निघाली. सासूबाईंनी रूपाभवानीला नारळ फोडला, वाचनालयाच्या अध्यक्षांनी माझ्या हातात पुष्पगुच्छ देऊन फोटो काढला, तो गावच्या ग्रुपवर अजून फिरतोय.

काल एम.लिब.चा निकाल लागला. १२०० पैकी ६५६. म्हणजे ५४.६६. सेटला आणि कॉलेजच्या ग्रंथपालपदाला एम.लिब.चे किमान पंचावन्न टक्के लागतात, म्हणजे ६६०.

चार गुण.

प्रात्यक्षिकात गेले हे मला माहीत आहे. संगणकावर मार्क २१ मध्ये (पुस्तकांच्या संगणकी नोंदींचा ठरलेला नमुना) तीन नोंदी करायच्या होत्या. दोन झाल्या, तिसरीचं ६५० चं, विषयाचं, फील्ड भरत होते आणि लाइट गेली. केंद्रावर यूपीएस होता, पण फक्त सरांच्या टेबलाखाली. वीस मिनिटांनी लाइट आली तेव्हा तिसरी नोंद गायब. मीच सेव्ह केली नव्हती. उरलेल्या वेळात घाईत पुन्हा केली आणि २४५ च्या, म्हणजे शीर्षकाच्या फील्डच्या, दुसऱ्या इंडिकेटरला ४ टाकून बसले. क्रम लावताना सुरुवातीची किती अक्षरं (मोकळ्या जागेसह) सोडायची ते तिथे लिहितात. सरावाला इंग्रजी 'द'वाली शीर्षकं घेतली होती ना, हाताला तीच सवय. मराठी शीर्षकाला तिथे शून्य लागतं हे मी झोपेतही सांगेन. जागेपणी चुकले.

प्रश्न असे:
५४.६६ चे ५५ धरतात का?
माझ्याकडे ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) दाखला आहे, त्याची काही सवलत?
आणि सेट गेली का हो माझी?

कडक_भाकरी · ७ जुलै, रात्री ११.०५

ताई काय टेन्शन घेऊलालाव! ५४.६६ म्हणजे ५५च की. बँकेतसुद्धा पन्नास पैशाच्या वर रुपया धरतात. बिनधास्त अर्ज करा.

सातरस्ता · ७ जुलै, रात्री ११.२०

@कडक_भाकरी, बाबा रे, असं सांगू नकोस कुणाला. नेटच्या, म्हणजे देशपातळीवरच्या अशाच परीक्षेच्या, माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं, ५५ टक्के, पूर्णांकात न फिरवता. ५४.९९ सुद्धा चालत नाही. सेटची पात्रताही यूजीसीच्याच (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) धर्तीवर आहे.

दाखलअंक, ईडब्ल्यूएसचं उत्तर वाईट आहे. फीमध्ये सवलत मिळते, टक्क्यांत नाही. पाच टक्क्यांची सूट एससी, एसटी, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी आणि दिव्यांग यांना, म्हणजे त्यांना ५० पुरतात. सेटला राज्याच्या यादीतले बाकीचे मागासवर्गही त्यात येतात. पण नेटला दाखला केंद्राच्या यादीप्रमाणे लागतो. आमच्या एका मित्राने राज्याचा दाखला जोडून नेटचा फॉर्म भरला आणि मग महिनाभर तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या.

दाखलअंक · ७ जुलै, रात्री ११.३१

म्हणजे गेली?

सातरस्ता · ७ जुलै, रात्री ११.४४

अजून नाही. 'अपिअरिंग' म्हणून पास झालेल्याला निकालाच्या तारखेपासून दोन वर्षं मिळतात. तेवढ्यात लागणाऱ्या टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी पूर्ण दाखवायची. ती दाखवली नाही तर मग अपात्र. तुमचा सेटचा निकाल कधीचा?

दाखलअंक · ७ जुलै, रात्री ११.४७

आठ महिने झाले.

सातरस्ता · ७ जुलै, रात्री ११.५२

मग सोळा महिने आहेत हातात. झोपा आता. सकाळी बोलू.

निवृत्त_ग्रंथपाल · ८ जुलै, सकाळी ६.१५

बाई, अभिनंदन आधी. सेट पहिल्या फटक्यात काढणं सोपं नाही, आणि वाचनालय सांभाळून तर नाहीच.

आता कामाचं. या गुणांनी कुठली दारं बंद होतात ते नीट बघू, म्हणजे उगाच सगळंच बुडालं असं वाटणार नाही. महाविद्यालयीन ग्रंथपाल आणि विद्यापीठातला सहायक ग्रंथपाल या पदांना यूजीसीचे १८ जुलै २०१८ चे नियम लागू आहेत. ग्रंथालयशास्त्र, माहितीशास्त्र किंवा प्रलेखन यातली पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्क्यांनी, सातत्याने चांगली शैक्षणिक कारकीर्द, ग्रंथालय संगणकीकरणाचं ज्ञान, आणि नेट किंवा सेट. पीएच.डी. नियमाप्रमाणे झालेली असेल तर नेट-सेट नसलं तरी चालतं. पण पीएच.डी.च्या प्रवेशालाही पदव्युत्तरचे ५५ लागतातच. तेव्हा त्या वाटेनेही याच उंबऱ्यावर येऊन थांबाल.

सार्वजनिक वाचनालयं, शाळा, खासगी संस्था यांना हा ५५चा काटा नाही. तुमची आजची नोकरी कुठे जात नाही.

माझ्या वेळी सोलापूर जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेला होता. सोलापूरचं स्वतःचं विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला आलं. गुणपत्रकातली स्पेलिंगची चूक दुरुस्त करायची तरी कोल्हापूरची एसटी धरायची, मुक्काम करायचा, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीवरचा माणूस म्हणायचा, साहेब रजेवर आहेत. तुम्हाला निदान अर्ज ऑनलाइन करता येतो.

पुस्तक_किडा_२२ · ८ जुलै, सकाळी ९.०२

धाग्याशी संबंध नाही, पण विचारतो. माझं बी.कॉम. झालंय, बी.लिब. करता येईल का? की आर्ट्सच लागतं?

सातरस्ता · ८ जुलै, सकाळी ९.१०

कुठलीही पदवी चालते. तीन वर्षांची पदवी, मग एक वर्ष बी.लिब., मग एक वर्ष एम.लिब. काही विद्यापीठांत पदवीनंतर थेट दोन वर्षांचं एकत्रित एम.लिब. असतं. नाशिकचं मुक्त विद्यापीठ आणि इग्नू यांचं दूरशिक्षणातलंही आहे, आणि मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीइतकीच धरावी असं यूजीसीने सांगितलेलं आहे. वेगळा धागा काढ, तिथे सविस्तर लिहितो.

मंद्रूपकर · ८ जुलै, सकाळी ९.४०

एकत्रित दोन वर्षांच्या कोर्सचं एक दुखणं आहे, ते आत्ताच सांगतो. मी तोच केला. पुढे एका शाळेच्या जाहिरातीत 'बी.लिब. आवश्यक' असं होतं. मी एम.लिब.चं प्रमाणपत्र दाखवलं तर लिपिक म्हणाला, बी.लिब. कुठंय? म्हटलं यातच आलं ते. म्हणाला, कागदावर कुठं लिहिलंय दाखवा. कागदावर नव्हतं. शेवटी विद्यापीठाकडून समकक्षतेचं पत्र आणलं, तोवर मुलाखती होऊन गेल्या.

पण त्यात एक फायदाही आहे. चार सत्रांचे गुण एकत्र धरतात. एक सत्र हुकलं तर तीन सत्रांत भरून काढता येतं. एक वर्षाच्या एम.लिब.ला दोनच सत्रं, पहिल्यात घसरलात की दुसऱ्यात जीव तोडून पळायचं. ताईंचं तेच झालेलं दिसतं.

दाखलअंक · ८ जुलै, दुपारी १.३०

हो, अगदी तेच. पहिल्या सत्राला आमच्या वाचनालयाची तपासणी आली होती. दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, मासिकांची रजिस्टरं, सगळं अद्ययावत करण्यात तीन आठवडे गेले आणि अंतर्गत गुणांच्या असाइनमेंट उशिरा दिल्या. दोन पेपरला २० पैकी ९ आणि १० मिळाले. तेव्हा वाटलं, पास तर झालो ना. चार गुणांची किंमत तेव्हा माहीत नव्हती.

कडक_भाकरी · ८ जुलै, दुपारी २.०५

सॉरी ताई, काल रात्री मी भलतंच सांगितलं. पण आता एक खरी गोष्ट सांगतो. माझ्या चुलतभावाला पदवीला फर्स्ट क्लास तीन मार्कांनी हुकत होता, विद्यापीठाने ग्रेस देऊन क्लास दिला. तशी तरतूद असते. तुमच्या विद्यापीठात विचारा की.

सातरस्ता · ८ जुलै, दुपारी २.३०

तरतूद असते, बरोबर आहे. वरची श्रेणी थोडक्यात हुकत असेल तर कृपांक द्यायचा नियम काही विद्यापीठांच्या परीक्षा अध्यादेशांत आहे. पण इथे तो उपयोगाचा नाही. २०१८ च्या यूजीसी नियमांतच लिहिलंय की ५५ टक्के आणि पाच टक्क्यांची सूट हे दोन्ही कृपांक न धरता मिळालेल्या गुणांवरच मोजायचं. म्हणजे गुणपत्रकावर ५५ छापून आले आणि त्यात चार कृपांक असतील, तर छाननीला बसलेला माणूस ते वजा करणार.

हे वाक्य बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. माझ्याही सुटलं होतं, मुलाखतीच्या दिवशी कळलं. त्याविषयी जास्त लिहीत नाही.

मंद्रूपकर · ८ जुलै, दुपारी २.४१

लिहा की. आपल्यातच आहोत.

सातरस्ता · ८ जुलै, दुपारी ३.१०

काय लिहू. एक कॉलेज, जिल्ह्याबाहेरचं. फाइल उघडली, मॅडमनी गुणपत्रकाखालची चांदणी बघितली, बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, कृपांक. त्यांनी फाइल मिटली. चहा मात्र दिला. नंतर मी दुसऱ्यांदा एम.लिब. केलं, दुसऱ्या विद्यापीठातून, ६१ टक्क्यांनी. आज तासिका तत्त्वावर नाही, कायम आहे. पण मधली दोन वर्षं गेली ती गेली.

वाचू_आनंदे_नको · ८ जुलै, सायंकाळी ५.५५

एवढा आटापिटा कशासाठी? चार कपाटांना कुलूप लावायचं आणि उघडायचं, त्याला एम.लिब., सेट, पीएच.डी.! आता सगळं मोबाइलवर मिळतं. पुस्तक हवं तर गूगल करा.

निवृत्त_ग्रंथपाल · ८ जुलै, रात्री ८.२०

@वाचू_आनंदे_नको, आपण म्हणता ते मी ३४ वर्षं ऐकलं. पूर्वी गूगलच्या जागी 'शिपाई' असायचा, बाकी वाक्य तेच.

एक गंमत सांगतो. आमच्या कॉलेजात मी दोन महिने आजारी रजेवर होतो. माझ्या जागी एका प्राध्यापकांनी 'बघतो मी' म्हटलं. त्या काळात मराठी कवितासंग्रहांची एक मोठी देणगी आली. ड्युईमध्ये, म्हणजे पुस्तकांना विषयवार अंक देण्याच्या पद्धतीत, मराठी कविता ८९१.४६१ ला जाते. यांनी सगळ्यांच्या पाठीवर ४९१.४६ लिहिलं. तो मराठी भाषेचा अंक. पहिलाच आकडा चुकला, ८ च्या जागी ४. पुस्तकं गेली व्याकरणाच्या शेजारी, कोशांच्या खाली. मी परत आलो तेव्हा एम.ए.ची मुलं तक्रार करत होती की देणगीचं एकही पुस्तक सापडत नाही. १४० पुस्तकं, कपाटात, डोळ्यांसमोर, आणि सापडत नाहीत. प्राध्यापक पुन्हा पुन्हा सांगत होते, "आहेत हो, मी स्वतः लावलीत."

रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं आहे वाचकाचा वेळ वाचवा. त्या मुलांचा किती गेला ते मोजलं नाही मी. पाठीवरची १४० लेबलं मात्र खरवडली, ब्लेडने, आणि माझं बोट कापलं तो वण अजून आहे.

वाचू_आनंदे_नको · ८ जुलै, रात्री ८.३३

बरं सर. माघार.

हुरडा_पार्टी · ८ जुलै, रात्री ९.१५

😂 धाग्यावर पहिल्यांदाच कुणी माघार घेतलेली बघितली.

दाखलअंक, मी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात होते (कुठल्या ते विचारू नका). तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक गुणपडताळणी, म्हणजे बेरीज बरोबर आहे का, सगळे प्रश्न तपासलेत का एवढंच बघणं. दुसरं छायाप्रत, तुमच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स तुमच्या हातात. तिसरं फेरमूल्यांकन, दुसरा परीक्षक पेपर नव्याने तपासतो. तिन्हींना निकालानंतरची मुदत असते, ठराविक दिवसांची, आणि ती गेली की कुलगुरूंच्या ओळखीचाही उपयोग नाही. प्रात्यक्षिक, तोंडी आणि अंतर्गत गुण यांचं फेरमूल्यांकन बहुधा होत नाही. तेव्हा २४५ च्या इंडिकेटरचं दुःख बाजूला ठेवा, तिथून काही परत येणार नाही.

लेखी पेपरांच्या छायाप्रती मागवा. सगळ्या नाही, पैसे जातात. ज्या पेपरात तुम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा बरेच कमी आलेत, ते दोन-तीन. आणि थेट फेरमूल्यांकन मागू नका, आधी पेपर डोळ्यांनी बघा. काही ठिकाणी फेरमूल्यांकनात गुण कमी झाले तर कमी झालेलेच धरतात. आपल्या विद्यापीठाचा अध्यादेश काढून ते कलम वाचा, मैत्रिणीचं ऐकू नका. माझंही ऐकू नका.

दाखलअंक · ८ जुलै, रात्री १०.०२

संशोधन पद्धतीला ४१ आहेत, लेखी ८० पैकी. तो माझा सगळ्यात चांगला गेलेला पेपर. पुरवणी दोन घेतल्या होत्या. माहितीप्रणालीला ३८, तोही बरा गेला होता. या दोनच्या मागवते.

श्रेणीसुधाराचं (गुण वाढवायला पुन्हा परीक्षा देण्याचं) कुणाला माहीत आहे का? आमच्या केंद्रावरचे एक सर म्हणाले, एक पेपर पुन्हा दिला की झालं. दुसरे म्हणाले, असं काही नसतंच.

हुरडा_पार्टी · ८ जुलै, रात्री १०.३०

दोघेही बरोबर असू शकतात, वेगवेगळ्या विद्यापीठांत. काही ठिकाणी श्रेणीसुधाराला सगळे पेपर पुन्हा द्यावे लागतात, काही ठिकाणी निवडक चालतात, काही ठिकाणी पदवी प्रमाणपत्र घेतलं की दार बंद. म्हणून एक करा. पदवीदान समारंभाचा अर्ज आत्ता भरू नका. आधी लेखी विचारा, उत्तर लेखी घ्या. तोंडी उत्तर म्हणजे गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा, बसताना मजा, उतरताना पाय थरथरतात.

मंद्रूपकर · ९ जुलै, सकाळी ७.५०

आणि श्रेणीसुधार केला तर गुणपत्रकावरची तारीख नवी येणार. सेटच्या दोन वर्षांच्या आत ती बसली पाहिजे. पुढची परीक्षा हिवाळ्यात, निकाल दोन-तीन महिन्यांनी. सोळा महिन्यांत बसतं. पण एक परीक्षा पुढे ढकलली गेली तर काठावर येईल. ते धरून चाला.

पुस्तक_किडा_२२ · ९ जुलै, सकाळी ८.१२

अजून एक प्रश्न, माफ करा. मी एम.कॉम. करतोय. बी.लिब. त्याबरोबरच केलं तर चालेल का?

सातरस्ता · ९ जुलै, सकाळी ८.४०

एप्रिल २०२२ पासून यूजीसीने एका वेळी दोन अभ्यासक्रमांना परवानगी दिली आहे. दोन्ही नियमित असतील तर वर्गाच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत; एक नियमित आणि एक दूरस्थ, किंवा दोन्ही दूरस्थ, असंही चालतं. पीएच.डी. यात येत नाही. पण तुझं कॉलेज आणि विद्यापीठ काय म्हणतं ते बघ. आणि वेगळा धागा काढ असं मी काल म्हटलं होतं 🙂

निवृत्त_ग्रंथपाल · ९ जुलै, सकाळी ९.००

असू द्या हो, तरुण पोरं विचारतात हेच पुष्कळ आहे.

बाळ, बी.लिब.ला जाशील तर एक ऐक. वर्गीकरणाच्या प्रात्यक्षिकाला ड्युईचे खंड स्वतःच्या हाताने उलटायची सवय कर. २३वी आवृत्ती चार खंडांची आहे, शेवटचा खंड सापेक्ष निर्देशाचा, म्हणजे वर्णक्रमाने लावलेल्या विषयसूचीचा. बऱ्याच केंद्रांवर एकच संच असतो आणि तीस मुलं. परीक्षेत निर्देशाचा खंड दुसऱ्याच्या टेबलावर असतो आणि तुझी पाच मिनिटं त्याची वाट बघण्यात जातात. ज्याला मुख्य वर्ग पाठ आहेत त्याला वाट बघावी लागत नाही. आपल्या शहरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखं जुनं वाचनालय आहे. एखादा दिवस तिथल्या कपाटांपुढे नुसता उभा राहा, पाठीवरचे क्रमांक वाच, आणि पुस्तक न उघडता विषय ओळख. उलटही कर.

दाखलअंक · ९ जुलै, रात्री १०.२०

दोन पेपरांच्या छायाप्रतींचे अर्ज भरले. श्रेणीसुधाराबद्दल ईमेल केलं, आणि तेच पत्र रजिस्टर्ड एडीने पाठवलं. नवऱ्याने विचारलं, ईमेल केलंय तर पत्र कशाला? मी म्हटलं, ईमेलला पोचपावती नसते. तो यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब बघतो, त्याला लगेच पटलं.

आज वाचनालयात दहावीची एक पोरगी आली. म्हणाली, मॅडम, तुमचा फोटो बघितला, तुम्ही आता कॉलेजच्या मॅडम होणार ना? मी तिला मासिकं लावायला दिली.

कडक_भाकरी · ९ जुलै, रात्री १०.३५

ताई 🙏

सातरस्ता · १० जुलै, सकाळी १०.१५

अजून एक वाट सांगून ठेवतो, वापरावी लागू नये. दुसरं एम.लिब. तुम्ही बी.लिब. आहात, त्यामुळे एक वर्षाचं होतं. यंदाचे प्रवेश बहुतेक ठिकाणी अजून चालू आहेत. सोळा महिन्यांत निकालासकट बसायला अगदी ओढाताण होईल. आणि सेट ज्या पदवीच्या जोरावर 'अपिअरिंग' म्हणून दिली ती एक, आणि दाखवणार दुसरी, हे चालेल का, ते सेटच्या कार्यालयाला आधीच विचारा. परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, तिथेच सेट विभाग आहे. लेखी, अर्थातच.

आणि सेट गेलीच, तर ती पुन्हा देता येते. वयाची अट नाही. नेटलाही सहायक प्राध्यापकासाठी नाही, फक्त जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीला आहे. एकदा निघालेली परीक्षा पुन्हा निघते. मला ते पचायला वेळ लागला होता.

दाखलअंक · २१ जुलै, दुपारी ३.४५

छायाप्रती आल्या.

माहितीप्रणालीचा पेपर नीट तपासलाय. गुण कमी वाटतात, पण प्रत्येक उत्तराखाली खूण आहे, बेरीज बरोबर आहे. काही म्हणता येत नाही. माझं अक्षर शेवटी शेवटी मलाच वाचवेना.

संशोधन पद्धतीची प्रत घरी उघडायचा धीर झाला नाही. वाचनालयात नेली, कुणी नव्हतं. मुख्य उत्तरपत्रिका, पहिली पुरवणी, सगळीकडे लाल खुणा. दुसऱ्या पुरवणीवर प्रश्न पाचचा 'ब' होता, नमुना निवडीवर दोन पानं, आठ गुणांचा. पान उलटलं. एकही खूण नाही. शेवटी रेघ नाही, शून्यसुद्धा नाही. मुखपृष्ठावर गुणांचा तक्ता असतो, त्यात पाच 'अ' पुढे ५ आहेत आणि पाच 'ब' चा चौकोन कोरा.

तीनदा पाहिलं. मग गावातल्या झेरॉक्सवाल्याला दाखवलं, कारण दुसरं कुणी नव्हतं. तो म्हणाला, मॅडम, हे तपासलंच नाही की.

हुरडा_पार्टी · २१ जुलै, दुपारी ३.५८

थांबा. फेरमूल्यांकनाचा अर्ज करू नका अजून. हे फेरमूल्यांकनाचं प्रकरणच नाही, 'न तपासलेला प्रश्न' आहे. गुणपडताळणीत येतं. त्या पानाची आणि मुखपृष्ठाच्या तक्त्याची प्रत जोडा, पानाचा क्रमांक लिहा, पुरवणीचा क्रमांक लिहा. अर्जात 'कमी गुण मिळाले' असा शब्दही नको. फक्त 'प्रश्न ५ ब चे मूल्यांकन झालेले नाही'. कोणावर आरोप नको, परीक्षकाचं नाव नको. मुदत संपायच्या आत स्वतः जाऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.

निवृत्त_ग्रंथपाल · २१ जुलै, सायंकाळी ४.३०

दोन पानी उत्तराला आठपैकी चार मिळणं काही अवघड नाही. पण आत्ता त्याची बेरीज मनात करू नका.

दाखलअंक · २१ जुलै, सायंकाळी ४.४१

केली सर. कधीचीच केली.

दाखलअंक · २३ जुलै, सायंकाळी ४.२०

जाऊन आले. खिडकीवर पाऊण तास रांग. आतल्या बाईंनी अर्ज वाचला, कोरा चौकोन बघितला, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता आवक नोंदवही ओढली. क्रमांक लिहिला, तारीख लिहिली, आणि विषयाच्या रकान्यात 'फेरमूल्यांकन' लिहायला लागल्या. म्हटलं, मॅडम, ते नाही, गुणपडताळणी. त्यांनी खोडलं, वर लिहिलं, सही केली. माझ्या प्रतीवर शिक्का मारताना विचारलं, "कुठं नोकरी करता?" म्हटलं, वाचनालयात. "तरीच."

तीन आठवडे लागतील म्हणाल्या. श्रेणीसुधाराच्या पत्राला अजून उत्तर नाही, एडीची पावती मात्र आली. पदवीदानाचा अर्ज भरलेला नाही.

एसटीत बसून लिहितेय. पाचला वाचनालय उघडायचंय, आणि अभ्यासिकेतली पोरं पावणेपाचपासून दारात बसलेली असतात.

पुस्तक_किडा_२२ · २३ जुलै, सायंकाळी ५.१०

ताई, नाव-नंबर झाकून त्या अर्जाचा फोटो टाकाल का? आमच्याकडे एकीचं असंच झालंय, अकाउंट्सच्या पेपरला. (वेगळा धागा काढतो, शपथ.)